पाण्याचा हक्क महाडला मिळाला, पाण्याची नोंद मात्र खाणवाल्याच्या वहीत

दरवर्षी 20 मार्चला आपण चवदार तळ्याची आठवण काढतो. 1927 चा तो दिवस, ओंजळीतले पाणी, नंतरची मारहाण, सगळे आपल्याला पाठ आहे. पण सत्याग्रहानंतर त्या पाण्याची एक 'तपासणी'ही झाली होती. 108 घागरी, पंचगव्य, मंत्र, आणि तळे शुद्ध झाल्याचा निर्वाळा! निर्वाळा देणारे तेच, ज्यांचा तळ्यावर दावा होता. पुढे कोर्टात त्यांनी तळे खाजगी असल्याचे आणि वहिवाट अनादी काळापासूनची असल्याचे सांगितले. मार्च 1937 मध्ये हायकोर्टाने विचारले, याला पुरावा काय? तो त्यांना देता आला नाही. महाडचा निकाल पुराव्यावर लागला, हे ध्यानात ठेवा. पुढचा सगळा मुद्दा तोच आहे.

आता चंद्रपूरला या. 16 ऑक्टोबर 1956 रोजी बाबासाहेबांनी जिथे धम्मदीक्षा दिली, तो हा जिल्हा. वर्धा नदीच्या खोऱ्यातला कोळसा इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकातच शोधला आणि वरोऱ्याला सरकारी खाणही काढली. 1970 च्या दशकात कोळशाचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्यानंतर उघड्या खाणी वाढत गेल्या. 2009 मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातल्या औद्योगिक पट्ट्यांना गुण दिले, त्यात चंद्रपूरला 83.88 गुण मिळून चौथा क्रमांक आला. शाळेत इतके गुण मिळाले असते तर पेढे वाटले असते.

उघडी खाण पाण्याचे काय करते? या भागात कोळशाच्या वर कामठी वालुकाश्माचा थर आहे आणि विहिरींना पाणी देणारा थरही तोच. खाण त्याच्या खाली गेली की चहूबाजूंचे पाणी खड्ड्याकडे धावते. ते रात्रंदिवस पंपाने उपसून नाल्यात सोडतात. आजूबाजूची पातळी नरसाळ्यासारखी खचते. अशा वेळी आधी आटते ती उथळ विहीर. सधन शेतकरी दोनशे फूट बोअर मारतो. भूमिहीनांच्या वस्तीतली विहीर तीस-चाळीस फुटांची. नाल्यातले काळे पाणीही उताराने जाते आणि गावाच्या उताराला कोणाची वस्ती असते, हे आंबेडकरी वाचकाला मी सांगायला नको. जातीने आखलेल्या गावाच्या नकाशावर खाण येऊन बसली, एवढेच.

यावर उपाय मोजणे हा आहे आणि तो कागदावर आहेही. खाणीच्या पर्यावरण मंजुरीत अट असते की विहिरींचे आणि पिझोमीटरचे, म्हणजे केवळ पातळी पाहण्यासाठी घेतलेल्या बोअरचे, जाळे ठेवा. मे, ऑगस्ट, नोव्हेंबर आणि जानेवारी अशी वर्षातून चारदा पातळी मोजा. नाल्याचे पाणी खाणीच्या वर आणि खाली दोन्हीकडे तपासा. अट चांगली आहे. पण मोजणारा कोण? खाणवालाच. प्रयोगशाळेला पैसे देणारा तोच, कोणती विहीर नोंदीत घ्यायची हे सुचवणाराही तोच. एका खाणीचा अहवाल घेऊन मी शेजारच्या वस्तीत गेलो होतो. यादीतली सर्वांत जवळची विहीर खाणीच्या कामगार वसाहतीतली निघाली. वस्तीतली आटलेली विहीर यादीतच नव्हती. पाणीच नाही तर नमुना कशाचा घेणार, असे उत्तर मिळाले.

दुसरी गोची जुनी आहे. खाण सुरू होण्याआधीचे पाणी कसे होते, याची नोंद हवी. पर्यावरण मंजुरीची अधिसूचना आली 27 जानेवारी 1994 ला. त्याआधी उघडलेल्या खड्ड्यांपाशी ती नोंद कुठून येणार? म्हणून गावकरी विहीर आटली म्हणाला की 'पाऊस कमी झाला' आणि फ्लोराइड म्हणाला की 'ते इथल्या खडकातच आहे'. चंद्रपूरच्या खडकात फ्लोराइड आहे, हे खरेच. पण किती आधीचे आणि किती नंतरचे, हे सांगायला आधीचा आकडा लागतो. महाडला पुरावा द्यायची जबाबदारी दावा सांगणाऱ्या सवर्णांवर पडली होती. इथे ती तहानलेल्यावर आहे.

आणि हे असेच चालणार होते असेही नाही. जुलै 1942 ते 1946 या काळात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. त्या खात्याकडे खाणी, वीज आणि पाणी हे तिन्ही विषय होते. डिसेंबर 1943 मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः उतरले. जानेवारी 1945 मध्ये त्याच कोळसापट्ट्यातून वाहणाऱ्या दामोदर नदीसाठी त्यांनी कलकत्त्याला परिषद घेतली. 1945 मध्येच केंद्रीय जलमार्ग, सिंचन व नौकानयन आयोग स्थापन झाला. आजचा केंद्रीय जल आयोग त्यातूनच आला. खाणीतल्या सांडपाण्यावर त्यांनी काही लिहिले असे मी म्हणत नाही, उगाच त्यांच्या तोंडी घालू नये. पण कोळसा काढणारा मजूर आणि नदी एकाच टेबलावर होती. 1946 मध्ये खाणी आणि वीज मजूर खात्यापासून वेगळ्या केल्या. आज कोळसा एका मंत्रालयाकडे, भूजल दुसऱ्याकडे, मंजुरी तिसऱ्याकडे, सांडपाणी राज्याच्या मंडळाकडे. विहीर आटलेला माणूस या चार दारांत फिरतो.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा महाराष्ट्रात 1972 पासून आहे. तिच्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी खाणवाल्याच्या नाहीत, सरकारच्या आहेत. आपल्या तालुक्यातली अशी विहीर कुठे आहे ते विचारा आणि जुने आकडे मागा. 2006 च्या अधिसूचनेनुसार खाणीला दर 1 जून आणि 1 डिसेंबरला अनुपालन अहवाल द्यावा लागतो. तो सार्वजनिक दस्तऐवज आहे आणि अर्ज करणाऱ्याला प्रत द्यावीच लागते. दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचा. शिवाय वस्तीतल्या विहिरीच्या काठाला रंगाची खूण करा, दोराला दगड बांधा आणि त्या चार महिन्यांत पाणी किती खोल गेले ते वहीत लिहा. तारखेसह लिहा आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या. पुढची जनसुनावणी लागेल तेव्हा ही वही टेबलावर ठेवायची आहे.