वजनकाट्याला न दिसणारा लठ्ठपणा

मुलांच्या लठ्ठपणावरच्या उपचारांच्या चाचण्यांचा इतिहास बहुतेक अमेरिकेतून सांगितला जातो. पिट्सबर्गच्या लेनर्ड एपस्टाइन यांनी मुलाबरोबर पालकांनाही उपचारात ओढलं, पदार्थांना सिग्नलचे रंग दिले: हिरवा, पिवळा, लाल. १९९० मध्ये त्यांनी दहा वर्षांनंतरचा निकाल छापला. ज्या घरांत मूल आणि पालक दोघांवर काम झालं, तिथली मुलं आधीपेक्षा कमी लठ्ठ निघाली. तुलनेच्या गटातली मात्र जास्त. मोठंच काम हे. पण त्यात एक गृहीत होतं: लठ्ठ मूल आपल्याला ओळखता येतं.

आपल्याकडे तिथेच घोळ आहे. नागपुरात तर्री-पोह्यांच्या गाडीवर आपण गुबगुबीत पोराकडे बोट दाखवतो, आणि मेळघाटातलं बारीक मूल कुपोषणाच्या रकान्यात टाकतो. दोन वेगळे आजार, दोन वेगळी खाती! हे इतकं सोपं नाही, हे पुण्यात कळलं.

१९९३ साली केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भधारणेआधीपासून बायकांची नोंद सुरू केली. बाळं जन्मली ती सरासरी २.७ किलोची. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं ३.५ किलोची. आपली बाळं सगळ्याच मापांत लहान. पण पाठीवरची, खांद्याखालची चिमटीत येणारी चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. बारीक, तरी चरबीदार! २००४ मध्ये याज्ञिक आणि जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच फोटो छापले. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३, युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२.

मग कारण शोधताना गाडी आईकडे वळली. साठ टक्क्यांहून अधिक गर्भवतींमध्ये बी-१२ कमी होतं. २००८ मधला निष्कर्ष असा की ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त. पण हे निरीक्षण झालं, पुरावा नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकून गट पाडावे लागतात. म्हणून २०१२ मध्ये ‘प्रिया’ चाचणी सुरू झाली, आणि गंमत बघा, त्यात गोळ्या घेणारे तरुण-तरुणी म्हणजे त्याच गावांत १९९३ नंतर जन्मलेली, वजन केलेली ती बाळं! काहींना बी-१२, काहींना त्याबरोबर इतर सूक्ष्मपोषकं, काहींना नुसती औषधविरहित गोळी. उपचार द्यायचा आजच्या तरुणांना, आणि धोका मोजायचा त्यांच्या होणाऱ्या बाळाचा. औषध कंपनीला ही चाल परवडणारी नाही.

मुंबईत ‘सरस’ प्रकल्पाने २००६ पासून झोपडपट्टीतल्या बायकांना गर्भधारणेआधीपासून पालेभाजी, फळं, दूध घातलेला खाऊ दिला. तुलनेसाठी दुसऱ्यांना बटाटा-कांद्याचा. जन्मवजनात एकूण फरक ठोस नव्हता, पण गर्भारपणातला मधुमेह मात्र कमी आढळला: ७.३ टक्के, दुसऱ्या गटात १२.४. मला वाटतं, जन्मवजनाच्या निकालामागे ही बाब अनेकांच्या नजरेतून सुटली.

आता २०२२ मध्ये सेमाग्लुटाइडची किशोरवयीनांवरची चाचणी झाली. औषधाच्या गटात बीएमआय सरासरी १६ टक्क्यांनी उतरला. आकडा दणदणीत आहे. पण भरती बीएमआयच्या तक्त्यावर झाली, आणि आपल्याकडे तक्ता निराळा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या २०१५ च्या तक्त्यात जास्त वजनाची रेष प्रौढांच्या २३ च्या बरोबरीची, लठ्ठपणाची २७ च्या. जगात सहसा २५ आणि ३० धरतात. बरं, २३ ची रेषही बीएमआयचीच. याज्ञिकांचा २२.३ तिच्याही खालीच बसतो.