खुर्ची सोडली, तोंड उघडलं नाही

३ जानेवारी १६४२. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचा ॲटर्नी जनरल लॉर्ड्स सभागृहात पाच खासदारांवर आणि एका लॉर्डावर राजद्रोहाचा आरोप ठेवतो. खासदार म्हणजे पिम, हॅम्पडेन, होलिस, हेसलरिग आणि स्ट्रोड. त्यांना ताब्यात द्यायला खासदारांचं सभागृह, कॉमन्स, तयार नाही.

४ जानेवारी, सकाळ. सभापतींच्या खुर्चीत विल्यम लेन्थॉल. वय पन्नास, लिंकन्स इनमधला मुरलेला वकील. माणूस भिडस्त, सभागृह त्याला आवरत नाही अशी नेहमीची कुरकुर. आज काही वाकडंतिकडं घडलं, तर तो उभा राहील असं कुणालाच वाटत नाही. मलाही वाटलं नसतं.

दुपारी बारा. जेवणाची सुट्टी. राजाचा बेत मात्र राजवाड्यातून आधीच फुटलाय. राणीची सखी, काउंटेस ऑफ कार्लाइल, हिने पिमला सावध केलंय.

दीड. कामकाज पुन्हा सुरू. पाचही जण मुद्दाम जागेवर.

तीनच्या सुमारास. राजा निघाल्याची वर्दी येते. मागे चारेकशे माणसं, बरीचशी हत्यारबंद. सभागृह पाचांना जायची मुभा देतं. चौघं निघतात, स्ट्रोड हटून बसतो. शेवटी सर वॉल्टर अर्ल त्याचा झगा धरून अक्षरशः ओढत बाहेर काढतो. थेम्समधून होडीने पाचही जण लंडन शहराकडे पसार.

लगेचच दार उघडतं. ते मिटू नये म्हणून अर्ल ऑफ रॉक्सबर्ग त्याला टेकून उभा. बाहेरच्या तलवारी आणि पिस्तुलं आतल्यांना नीट दिसावीत, एवढाच हेतू. चार्ल्स टोपी काढून आत येतो. इंग्लंडचा कुठलाही राजा याआधी असा या सभागृहात घुसलेला नाही. तो सभापतींकडे थोडा वेळ खुर्ची मागतो आणि लेन्थॉल मुकाट्याने उठतो. पिम आहे का? शांतता. होलिस? शांतता. मग प्रश्न थेट सभापतींना.

लेन्थॉल गुडघे टेकतो. सांगतो ते असं, की हे सभागृह हुकूम देईल तेवढंच मला इथे पाहायला डोळे आहेत आणि बोलायला जीभ. महाराजांनी क्षमा करावी.

याला शौर्य म्हणायला मी कचरतो. हा कसलेल्या वकिलाचा जबाब होता: नकार आहे, पण माझा नाही, माझ्या अशिलाचा. पुढे १६६० मध्ये याच लेन्थॉलने खासदार थॉमस स्कॉट सभागृहात काय बोलला याची कोर्टात साक्ष दिली आणि स्कॉटला देहदंड झाला. पण त्या दुपारी जीभ आवरली, हेही खरंच.

राजा बाकांवरून नजर फिरवतो, पाखरं उडाल्याचं कबूल करतो आणि निघतो. पाठीमागे ‘विशेषाधिकार! विशेषाधिकार!’ असा गलका.

संध्याकाळ. सहायक लेखनिक जॉन रशवर्थ याने सगळं लघुलिपीत टिपलंय. राजा त्याला बोलावून भाषणाची नक्कल मागतो. सभागृहातलं बाहेर सांगितल्याबद्दल एक सदस्य टॉवरच्या तुरुंगात गेलाय, याची रशवर्थ आठवण करून देतो. मी काय बोललो तेच मागतोय, असं राजाचं उत्तर.

५ जानेवारी. राजा शहरात जाऊन पाचांची मागणी करतो. कुणी देत नाही.

१० जानेवारी. राजा सहकुटुंब लंडन सोडतो. दुसऱ्या दिवशी पाचही जण नदीतून वाजतगाजत वेस्टमिन्स्टरला परततात.

२२ ऑगस्ट. नॉटिंगहॅमला राजाचं निशाण उभं राहतं. यादवी सुरू.