मांडवीकाठच्या वाड्यातून पर्वरीच्या टेकडीवर : गोवा विधानसभेची वाटचाल

गोव्याच्या विधानसभेचा जन्मच एका अजब परिस्थितीत झाला. पहिल्या निवडणुकीत ज्या पक्षाच्या हाती सत्ता आली, त्याची मुख्य मागणी गोवा महाराष्ट्रात विलीन करावा, ही होती. म्हणजे हे सभागृहच राहू नये, असे मानणारे लोक त्यात बहुमताने बसले होते. पुढच्या चोवीस वर्षांत ते सभागृह टिकले, मोठे झाले आणि एका घटक राज्याचे विधिमंडळ बनले. विलीनीकरण, संघप्रदेश आणि घटक राज्य या तीन पर्यायांवरचा गोव्यातला वाद बराचसा या सभागृहाच्या आत आणि भोवती झाला.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा, दमण आणि दीव पोर्तुगिजांच्या ताब्यातून मुक्त झाले. सुरुवातीला मेजर जनरल कँडेथ लष्करी गव्हर्नर होते. १९६२ च्या बाराव्या घटनादुरुस्तीने हा मुलूख संघप्रदेश म्हणून भारताच्या राज्यघटनेत आला आणि मुलकी कारभारासाठी नायब राज्यपाल नेमला गेला. साडेचारशे वर्षांच्या राजवटीत सामान्य गोंयकाराला आपले सरकार स्वतः निवडण्याची संधी मिळाली नव्हती. तसा प्रयत्न कोणी केलाच नाही असे नव्हे. १९३० साली लुईस दि मिनेझिस ब्रागांझा यांनी पोर्तुगीज अमलातच गोव्याच्या स्वयंनिर्णयाचा ठराव मांडला होता. पण प्रौढ मताधिकाराने निवडलेले सभागृह मिळाले ते मुक्तीनंतरच.

त्याची चौकट ठरवली संसदेच्या १९६३ च्या संघप्रदेश शासन कायद्याने. हिमाचल प्रदेश, मणिपूर, त्रिपुरा, पाँडिचेरी आणि गोवा-दमण-दीव या पाच प्रदेशांना त्याने विधानसभा दिल्या. गोव्याच्या सभागृहात तीस निवडलेले सदस्य होते: गोव्याचे अठ्ठावीस, दमणचा एक, दीवचा एक. शिवाय केंद्र सरकार तिघांपर्यंत सदस्य नेमू शकत असे.

९ डिसेंबर १९६३ रोजी मतदान झाले. मुक्तीचे श्रेय आपल्याला मिळेल, या भरवशावर असलेल्या काँग्रेसला गोव्यातून एकही जागा मिळाली नाही. महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष (मगो) आणि त्याच्या मित्रपक्षाने सोळा जागा घेतल्या, तर डॉ. जॅक सिक्वेरा यांच्या युनायटेड गोवन्सने बारा. मगोचे नेते दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर स्वतः निवडणुकीला उभेच नव्हते. मुख्यमंत्री झाल्यावर पोटनिवडणुकीतून ते सभागृहात आले. ९ जानेवारी १९६४ रोजी पणजीतल्या सचिवालयात पहिली बैठक झाली आणि पां. पु. शिरोडकर सभापती झाले. मांडवीकाठचे हे सचिवालय म्हणजे जुना आदिलशाही वाडा. पुढे पोर्तुगीज व्हाइसरॉय त्यात राहिले. ज्या इमारतीतून लिस्बनच्या आज्ञा सुटत, तिथे आता पेडणे, सत्तरी, सासष्टी, काणकोणचे आमदार एकमेकांना धारेवर धरू लागले.

सभागृहाबाहेर गेलेला प्रश्न

मगोचे म्हणणे सरळ होते. गोव्याचे देव, शाळा, भजन, नाटक मराठीत. सीमेपलीकडची माणसे नात्याची. मग वेगळी चूल कशाला? त्यामागे बहुजन समाजाचा मोठा हिशेबही होता. भाटकारांची, म्हणजे जमीनदारांची, आणि उच्चवर्णीयांची सद्दी मोडायची तर मोठ्या राज्याचा आधार हवा, असे कुळाला आणि भाटकाराच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्या मुंडकाराला वाटत होते. युनायटेड गोवन्सचे म्हणणे उलट होते. साडेचारशे वर्षांच्या वेगळ्या इतिहासातून घडलेली भाषा, कायदे, जमिनीच्या रीती एका मोठ्या राज्याच्या कोपऱ्यातल्या जिल्ह्यात विरघळून जातील, ही त्यांची भीती.

१९६५ साली गोवा विधानसभेत बहुमताच्या जोरावर विलीनीकरणाचा ठराव झाला. महाराष्ट्राच्या विधिमंडळानेही तसाच ठराव केला. म्हैसूर राज्याने विरोध नोंदवला. एका निवडणुकीतल्या चार जागांच्या आघाडीवर एवढा निर्णय व्हावा का, हा सिक्वेरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मुद्दा होता. अखेर १९६६ च्या डिसेंबरात संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. कौल निःपक्षपाती व्हावा म्हणून बांदोडकर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि गोव्यावर राष्ट्रपती राजवट आली.

१६ जानेवारी १९६७ रोजी मतपत्रिकेवर दोन चिन्हे होती. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पाने म्हणजे संघप्रदेश. आज अनेकांच्या ध्यानात नसते, पण घटक राज्य हा पर्याय त्या कागदावर नव्हता. महाराष्ट्रात जा किंवा दिल्लीच्या देखरेखीखाली राहा, एवढीच निवड होती. प्रचार मात्र घरोघर पोचला. दैनिक 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूने, तर 'राष्ट्रमत' विरोधात. 'राष्ट्रमत'मधले उदय भेंब्रे यांचे 'ब्रह्मास्त्र' हे सदर गाजले. विलीनीकरणाविरुद्धची ही लढाई मराठी दैनिकातून, मराठी भाषेत लढली गेली, हे महाराष्ट्रातल्या वाचकाने मुद्दाम लक्षात घ्यावे.

विलीनीकरणाला १,३८,१७० मते पडली, संघप्रदेशाला १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा इकडे फुलाचा जोर होता. सासष्टीने दोन पाने उचलून धरली. या निकालाला हिंदू विरुद्ध ख्रिस्ती असा रंग देण्याची सवय जुनी आहे. ती आकड्यांपुढे टिकत नाही. गोव्यात ख्रिस्ती लोकसंख्या चाळीस टक्क्यांच्या आत होती. हिंदूंची बरीच मते मिळाल्याशिवाय दोन पाने जिंकणे शक्यच नव्हते. आणि त्याच मतदारांनी २८ मार्चच्या निवडणुकीत मगोला पुन्हा सोळा जागा देऊन बांदोडकरांना सत्तेवर बसवले. प्रदेश वेगळा राहू दे आणि कारभार भाऊंनी करावा, असा तो स्पष्ट निवाडा होता. बांदोडकरांनी तो मानला आणि मोडू पाहिलेल्या सभागृहातूनच गोवा घडवायला घेतला.

दिल्लीच्या दोरीने बांधलेले सभागृह

या सभागृहाने पुष्कळ काम केले. १९६४ चा कूळ कायदा, १९७५ चा मुंडकार कायदा आणि १९७६ साली कसणाऱ्याला जमिनीचा हक्क देणारी कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती ही त्याचीच अपत्ये. १९७३ च्या ऑगस्टमध्ये बांदोडकर गेले. त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या आणि पाचवी दुरुस्ती त्यांच्याच काळात आली. जमीनदार न्यायालयात गेले, पण कायद्याची दिशा बदलली नाही.

मर्यादा मात्र पावलोपावली जाणवत होत्या. अर्थमंत्र्याला अंदाजपत्रक सभागृहात मांडायचे, तर आधी राष्ट्रपतींची, म्हणजे प्रत्यक्षात दिल्लीच्या मंत्रालयाची, पूर्वमान्यता लागे. पैशांशी संबंधित विधेयकाला नायब राज्यपालांची शिफारस हवी. संमत झालेले विधेयक ते राष्ट्रपतींसाठी राखून ठेवू शकत. मंत्रिमंडळ आणि नायब राज्यपाल यांच्यात मतभेद झाला, तर प्रकरण दिल्लीला जाई आणि तिथला निर्णय अखेरचा. राज्यसभेत गोव्याचा एकही खासदार नव्हता. मतदाराने निवडलेला मुख्यमंत्री केंद्राने नेमलेल्या प्रशासकाच्या सहीसाठी ताटकळतो, हे चित्र सत्ताधारी आणि विरोधक दोघांनाही खुपू लागले. घटक राज्याची मागणी अशी हळूहळू सर्वपक्षीय झाली आणि सभागृहाने तसे ठरावही केले.

बरोबरीचे प्रदेश पुढे निघून गेले होते. हिमाचलला १९७१ साली, मणिपूर आणि त्रिपुराला १९७२ साली राज्याचा दर्जा मिळाला. १९६३ च्या पाच विधानसभांपैकी गोवा आणि पाँडिचेरी मागे राहिल्या. गोव्याच्या विरोधात सांगितले जाई ते आकारमान: ३,७०२ चौरस किलोमीटर क्षेत्र आणि १९८१ च्या जनगणनेत जेमतेम दहा लाख वस्ती. एवढ्याशा प्रदेशाला राज्यपाल, सचिवालय, स्वतंत्र प्रशासन परवडेल का? शिवाय राज्य झाले की विलीनीकरणाचे दार कायमचे बंद होणार, ही हुरहुर जुन्या मगोवाल्यांच्या मनात होतीच.

दरम्यान राज्याला लागणाऱ्या संस्था एकेक करून उभ्या राहत होत्या. १९७५ साली गोव्याचे स्वतःचे शालान्त मंडळ आले. १९८२ साली मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ पणजीत सुरू झाले. विलीनीकरण नाकारलेल्या गोव्याचे उच्च न्यायालय आजही मुंबईचेच आहे. १९८५ साली गोवा विद्यापीठ स्थापन झाले.

भाषेचा डोंगर आणि ३० मे

शेवटचा अडथळा होता भाषेचा. राज्य भाषेवर उभे राहते, तर गोव्याची राजभाषा कोणती? १९८५ साली कोकणीला राजभाषा करण्याचे लुईझिन फालेरो यांचे खासगी विधेयक सभागृहाने फेटाळले आणि गोवा पेटला. 'कोंकणी प्रजेचो आवाज'च्या झेंड्याखाली एका बाजूने, मराठी राजभाषेच्या मागणीसाठी दुसऱ्या बाजूने लोक रस्त्यावर उतरले. १९८६ च्या डिसेंबरात हिंसाचार होऊन माणसे मेली. जो प्रश्न सभागृहात बोलून सोडवायला हवा होता, तो सुटण्याआधी रक्त सांडले, हा या संस्थेच्या वाटचालीतला सर्वांत काळा भाग.

४ फेब्रुवारी १९८७ रोजी राजभाषा कायदा झाला. देवनागरी कोकणी राजभाषा, मराठीच्या सर्व सरकारी कामांतील वापराला मुभा, दमण-दीवसाठी गुजराती. कोणाचेच पूर्ण समाधान झाले नाही. रोमी (रोमन) लिपीत कोकणी लिहिणारे नाराज, मराठीवादी नाराज. तरी रस्ता मोकळा झाला. संसदेने छप्पन्नावी घटनादुरुस्ती आणि पुनर्रचना कायदा संमत केला आणि ३० मे १९८७ रोजी गोवा देशाचे पंचविसावे राज्य झाले. मुख्यमंत्री होते प्रतापसिंग राणे. राज्यसभेची एक जागा मिळाली आणि अंदाजपत्रक आपल्या अधिकारात मांडता येऊ लागले. विधानसभेची सदस्यसंख्या पुढे चाळीस झाली. घटनेनुसार राज्याच्या विधानसभेत किमान साठ सदस्य लागतात. गोव्यासाठी ही मर्यादा तीसवर आणणारी एका वाक्याची खास तरतूद अनुच्छेद ३७१ च्या गटात घातली गेली. गोव्याला 'विशेष दर्जा' द्यावा, अशी जी मागणी आज होते, तिची पाटी घटनेत अजून कोरीच आहे.

या आनंदात दमण आणि दीव विसरले गेले. चोवीस वर्षे त्यांचे दोन आमदार याच सभागृहात बसत होते. ३० मे रोजी गोव्याला राज्य मिळाले आणि त्यांची विधानसभा गेली.

मोठे अधिकार, चंचल आमदार

राज्य झाल्यावर कारभार स्थिरावेल, अशी अपेक्षा होती. घडले उलटेच. १९६३ पासून १९९० च्या आरंभापर्यंत गोव्याने तीनच मुख्यमंत्री पाहिले. त्यानंतरच्या दहा-अकरा वर्षांत डझनभर शपथविधी झाले आणि दोनदा राष्ट्रपती राजवट लागली. १९९० मध्ये तर सभापती लुईस प्रोत बार्बोझाच पक्ष सोडून मुख्यमंत्री झाले आणि पुढे अपात्र ठरले. पक्षांतरबंदी कायद्याचा अर्थ लावणारा सर्वोच्च न्यायालयाचा १९९४ चा महत्त्वाचा निकाल रवी नाईक यांच्या नावाने ओळखला जातो, तोही गोव्यातूनच गेलेला. २००० साली विधानसभा मांडवी ओलांडून पर्वरीच्या टेकडीवरच्या नव्या संकुलात गेली. सवय मात्र तिच्याबरोबर गेली. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसचे दहा आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आठ आमदार एका झटक्यात भाजपमध्ये दाखल झाले. दोन-तृतीयांशाचा हिशेब जुळवला की कायदा आड येत नाही.

चाळीस जणांच्या सभागृहात एकवीसचा आकडा गाठायला चार-पाच माणसे पुरतात, हे याचे एक कारण. मतदारसंघ छोटे, आमदार घराघरात ओळखीचा, त्यामुळे तो पक्षापेक्षा स्वतःच्या नावावर निवडून येतो, हे दुसरे. पण त्यावरून लहान प्रदेशाला राज्य द्यायलाच नको होते, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. पुद्दुचेरी, म्हणजे पूर्वीची पाँडिचेरी, आजही राज्याच्या दर्जाचे ठराव करते आहे आणि तिथल्या निवडून आलेल्या सरकारांची नायब राज्यपालांशी होणारी ओढाताण पाहिली की गोवा कुठून सुटला, ते कळते.

१९६७ साली गोव्याच्या मतदाराने कोणत्या प्रदेशात राहायचे आणि कारभार कोणाकडे द्यायचा, हे दोन प्रश्न वेगळे करून दाखवले होते. १९८७ साली त्याला स्वतःच्या राज्याचे पूर्ण अधिकार मिळाले. सभागृहाची पत सावरण्याचे काम आता दिल्ली करणार नाही आणि न्यायालयही किती करणार? १६ जानेवारीला अस्मिताय दिस आणि ३० मे रोजी घटक राज्य दिन साजरा करणाऱ्या प्रत्येक गोंयकाराने दारात मत मागायला येणाऱ्या उमेदवाराला एवढे तरी विचारावे: निवडून आल्यावर पाच वर्षे ज्या चिन्हावर निवडून आलात तिथेच राहणार का? आणि गेल्या खेपेला राहिला नसेल, तर त्याचे उत्तर मतपेटीत द्यावे.