कारभार वर्गांत शिकवितां येतो काय?

इ. स. १८०० च्या मार्च महिन्यांत नाना फडणीस पुण्यास वारले, आणि त्याच वर्षीं कलकत्त्यास लॉर्ड वेलस्लीनें फोर्ट विल्यम कॉलेज स्थापिलें. हा योग केवळ काकतालीय खरा. परंतु कारभार शिकण्याच्या दोन निराळ्या रीती त्यांत समोरासमोर आल्यासारख्या आम्हांस वाटतात.

नानांस १७५६ त वडिलांमागून फडणिशी मिळाली, तेव्हां त्यांचें वय अवघें चवदा वर्षांचें होतें. त्यांची शाळा म्हणजे दफ्तर. तेथें उमेदवारानें वडीलधाऱ्या कारकुनाशेजारीं बसावें, मोडी वळण घोटावें, रोजकीर्द-खतावणी उतरावी, आणि कोणत्या पत्रास किती दिवस उत्तर द्यावयाचें नाहीं हें कोणीं न सांगतां उमजावें.

वेलस्लीची अडचण वेगळी होती. व्यापाराच्या वह्या लिहिण्यासाठीं विलायतेहून आलेलीं पंधरा-सोळा वर्षांचीं पोरें आतां न्यायाधीश व कलेक्टर होणार. त्यांस ना देशभाषा, ना कायदा. म्हणून तीन वर्षांचा अभ्यास त्यानें आंखला. कंपनीच्या डायरेक्टरांस खर्च पाहून धडकी भरली. त्यांनीं कलकत्त्याचें काम मुख्यत्वें भाषांपुरतें आखडलें व १८०६ त इंग्लंडांतच स्वतःचें कॉलेज काढलें. तेंच पुढें हेलबरीचें म्हणून प्रसिद्धीस आलें. तेथें अर्थशास्त्र शिकविण्यास प्रत्यक्ष माल्थस होता! मराठीचा एक लाभ मात्र येथें विसरतां नये: केरीनें फोर्ट विल्यमच्या वर्गांसाठींच वैजनाथ पंडितांच्या साह्यानें १८०५ त मराठी व्याकरण छापलें.

तथापि मन्रो १७८० त व एल्फिन्स्टन १७९६ त, म्हणजे हीं दोन्ही कॉलेजें निघण्यापूर्वींच, इकडे आले होते. मन्रो जमाबंदी शिकला ती बारामहालांत रीडच्या हाताखालीं; एल्फिन्स्टन दरबार शिकला तो पुण्यास क्लोजच्या रेसिडेन्सींत. म्हणजे उमेदवारीच!

मग आम्हां अध्यापकांचा धंदा व्यर्थ काय? माणूस पारखणें वर्गांत येत नाहीं, हें इतकीं वर्षें शिकविल्यावर कबूल करण्यास आम्हांस संकोच नाहीं. पण दफ्तरानें तरी काय शिकविलें? पूर्वीं जें घडलें तें पुन्हां कसें करावें, एवढेंच. जगाचा नकाशा, समुद्रापलीकडील राज्यव्यवस्था, हीं वडील कारकुनासच ठाऊक नव्हतीं. तीं उमेदवारास कोठून येणार? शिवाय नानांचें कसब नानांबरोबरच गेलें, आणि १८०२ च्या अखेरच्या दिवशीं वसईचा तह झाला.

१८२७ त एल्फिन्स्टन मुंबई सोडून निघाला, तेव्हां मुंबईकरांनीं त्याच्या नांवानें मोठी वर्गणी जमविली, ती इंग्रजी भाषा व युरोपांतील शास्त्रें शिकविणाऱ्या अध्यापकांच्या नेमणुकीसाठीं.