रिसाल्यातला पूर्वज

वऱ्हाडातील जुन्या घराण्यांत पूर्वजांविषयी ज्या गोष्टी सांगितल्या जातात त्यांत ‘आमचे खापरपणजोबा घोड्यावर होते’ ही गोष्ट फार वेळा कानी पडते. अचलपूरच्या मोहल्ल्यांत ती ऐकू येते, बाळापुरात येते, अमरावती-अकोल्याकडच्या जुन्या वाड्यांतही येते. पुरावा विचारला तर खंडेनवमीला पुजली जाणारी एखादी गंजलेली तलवार दाखवतात, नाहीतर जमादार, दफेदार, रिसालदार असे घराण्याला चिकटलेले उपपद पुढे करतात. पण ते कोणाच्या घोड्यावर होते, कोणत्या फौजेत होते, आणि लढले ते कोणाशी, असे आणखी तीन प्रश्न विचारले म्हणजे गोष्ट तेथेच थांबते. हे तीन प्रश्न कसे सोडवावेत, आणि उत्तर मनासारखे निघाले नाही तर काय करावे, एवढाच आजचा विषय आम्ही घेतला आहे.

पहिला हिशेब काळाचा. एक पिढी सरासरी अठ्ठावीस वर्षांची धरली तर आज साठीला आलेल्या गृहस्थाचे वडील १९३७-३८ च्या सुमारास जन्मले, आजोबा १९१० च्या, पणजोबा १८८२ च्या आणि खापरपणजोबा १८५४ च्या सुमारास. म्हणजे १८५७ साली खापरपणजोबा पाळण्यातून नुकतेच उतरले होते. त्या धामधुमीत जर कोणी घोड्यावर बसले असेल तर ते त्यांचे वडील. अडगावच्या लढाईत, म्हणजे १८०३ साली, लढलेला पूर्वज शोधायचा तर आणखी दोन पिढ्या वर चढावे लागते. घरातील स्मरण मधल्या पिढ्या गाळते आणि दोन माणसांचे पराक्रम एकाच्या नावावर घालते. म्हणून शोधाला निघण्यापूर्वी बोटांवर पिढ्या मोजाव्यात. निम्मी भ्रामक वैभवे तेथेच गळून पडतात.

दुसरा प्रश्न फौजेचा. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातील अडगावच्या मैदानावर नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा वेलस्लीने पराभव केला, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड त्या तहाने भोसल्यांच्या हातून गेला व निजामाकडे आला. १८०३ पूर्वी आमचा वऱ्हाडी स्वार भोसल्यांच्या पागेत असू शकतो तसा निजामाच्या सरदाराकडेही असू शकतो, कारण या मुलखात दोघांचीही वसुली चालत असे. १८०३ नंतर मात्र बहुधा तो निजामाकडेच शोधावा लागतो. पुढे रेसिडेंट हेन्री रसेल याच्या काळात निजामाच्या खर्चाने व इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली जी फौज उभी राहिली ती वाढत वाढत ‘हैदराबाद कंटिंजंट’ या नावाने ओळखली जाऊ लागली. अचलपूर, हिंगोली, मोमिनाबाद, औरंगाबाद ही तिची ठाणी. वऱ्हाडी घराण्यातील ‘घोड्यावरचा’ पूर्वज बहुतेक वेळा याच फौजेच्या रिसाल्यात निघतो.

या रिसाल्याची रचना आपल्या जुन्या वळणाचीच होती. स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन येई तो शिलेदार. दुसऱ्याच्या घोड्यावर बसून चाकरी करी तो बारगीर. घोडा ठेवण्याच्या हक्काला असामी म्हणत, आणि एकेका मातबर माणसाच्या अनेक असाम्या असत. तेव्हा ‘आमचे पूर्वज रिसाल्यात होते’ एवढ्याने भागत नाही. ते घोड्याचे मालक होते की केवळ त्यावर बसणारे होते, यावर त्यांची ऐपत, त्यांचे कर्ज आणि घरात राहिलेले कागद अवलंबून असतात. शिलेदाराचा घोडा मेला तर संसार बुडे. बारगिराचा मेला तर दुःख मालकाला. ही पद्धत हिंदुस्थानच्या रिसाल्यांतून १९२१ च्या सुमारास कायमची उठली.

आता या फौजेचा आणि आपल्या मातीचा जो संबंध आहे तो सांगितला पाहिजे, कारण तोच या विषयाचा गाभा आहे. निजामाला या फौजेचा पगार वेळेवर देता येईना. कंपनी सरकार आपल्या तिजोरीतून पगार भागवी आणि निजामाच्या नावे कर्ज मांडी. कर्ज फुगले तेव्हा डलहौसीने मुलूख मागितला. २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, नळदुर्गाकडील भाग आणि रायचूर दुआब हे प्रांत कंपनीच्या कारभाराखाली गेले. त्यांचे उत्पन्न सुमारे ५० लक्ष रुपये धरले होते. या उत्पन्नातून कमीत कमी ५,००० पायदळ, २,००० घोडेस्वार व चार तोफखाने पोसायचे होते. १८६० च्या तहाने नळदुर्ग व रायचूर परत गेले, ५० लक्षांचे कर्ज माफ झाले. वऱ्हाड मात्र इंग्रजांकडेच राहिला. पुढे पूर्व वऱ्हाडचे मुख्य ठिकाण अमरावती व पश्चिम वऱ्हाडचे अकोला झाले. साध्या शब्दांत सांगायचे तर वऱ्हाड गहाण पडला तो या घोड्यांच्या चंदीसाठी आणि स्वारांच्या पगारासाठी. ज्या घराचा एक मुलगा रिसाल्यात होता त्याच घराचा दुसरा मुलगा शेतसारा भरीत होता, आणि धाकट्याच्या साऱ्यातून थोरल्याचा पगार निघत होता.

तहानंतर चारच वर्षांनी १८५७ साल उजाडले. त्या युद्धाला कोणी बंड म्हणतात, कोणी स्वातंत्र्यसमर म्हणतात. रिसाल्यातल्या स्वाराच्या दृष्टीने पाहिले तर ते यादवी युद्धही होते, कारण समोर येणारा माणूस त्याच्याच भाषेत शिवी देत होता. जून १८५७ मध्ये औरंगाबादेस कंटिंजंटचा पहिला रिसाला बिथरला. आपल्याला दिल्लीच्या बादशहावर पाठवणार, अशी वदंता त्यांच्यात पसरली होती. पुण्याहून जनरल वुडबर्नची फौज आली, काही स्वार पळाले, काही पकडले गेले आणि त्यांपैकी अनेकांना देहान्त शिक्षा झाल्या. आपल्या बुलढाण्याहून चिदाखान जमादार काही स्वारांनिशी निघून हैदराबादेस गेला. तेथे सालारजंगाने त्याला पकडून रेसिडेंटच्या हवाली केले. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाजखान व मौलवी अल्लाउद्दीन यांनी रेसिडेन्सीवर जो हल्ला चढवला त्याचे तात्कालिक कारण हीच अटक होय.

पण त्याच फौजेचे दुसरे स्वार सर ह्यू रोजबरोबर मध्य हिंदुस्थानात गेले. मार्च-एप्रिल १८५८ मध्ये ते झाशीच्या वेढ्यात होते, १ एप्रिलला बेटवेच्या काठी तात्या टोप्यांच्या फौजेवर तुटून पडले, मे महिन्यात कूंच व काल्पी येथे लढले. झाशीची राणी किल्ल्यातून निसटली तेव्हा भांडेरपर्यंत तिच्या पाठलागावर गेलेला लेफ्टनंट डाऊकर हा याच कंटिंजंटच्या घोडदळाचा अधिकारी होता. तो वेढा आतून कसा दिसला ते विष्णुभट गोडशांच्या ‘माझा प्रवास’मुळे मराठी वाचकाला ठाऊक आहे. बाहेरून दौडणाऱ्या स्वारांत वऱ्हाडच्या पैशावर पोसलेले लोक होते, ही गोष्ट आपण सहसा उच्चारीत नाही. वर्षअखेरीस तात्या सातपुड्यात शिरले. दक्षिणेत उतरून मुलूख उठवावा असा त्यांचा बेत होता. परंतु खाली उतरण्याच्या वाटा अडवलेल्या होत्या आणि वऱ्हाडच्या खोऱ्यात त्यांना पाऊल टाकता आले नाही.

तेव्हा ‘घोड्यावर’ असलेला तुमचा पूर्वज चिदाखानाबरोबर गेला असेल, किंवा डाऊकरच्या मागून भांडेरच्या रस्त्याला लागला असेल. कोणता, ते केवळ अभिमानाने ठरत नाही, कागदाने ठरते. आणि कागद कोठे आहेत हे वऱ्हाडच्या राजकीय इतिहासावरून कळते. १९०३ पर्यंत वऱ्हाडचा वरचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटकडे होता. म्हणून रेसिडेन्सीचे दप्तर दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात पाहावे लागते, आणि इंग्रजांच्या फौजी कागदांसाठी लंडनच्या इंडिया ऑफिसच्या दप्तराकडे वळावे लागते. १९०२ च्या कराराने वऱ्हाड सालिना २५ लक्ष रुपयांवर कायमच्या पट्ट्याने गेला व पुढील वर्षी मध्यप्रांताला जोडला. त्यानंतरचे कागद नागपुरास. १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६० साली महाराष्ट्रात. म्हणून काही धागे मुंबईकडे. इनाम व जागिरीच्या चौकश्यांची कागदपत्रे जिल्ह्याच्या दप्तरखान्यात. भोसलेकाळासाठी यादव माधव काळे यांचा ‘वऱ्हाडचा इतिहास’ आणि शेजवलकरांनी संपादिलेले ‘नागपूर अफेअर्स’चे दोन खंड हाताशी असावेत. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूंची वंशावळ सापडते. पिढ्यांची साखळी जोडण्यास तिच्यासारखे साधन नाही.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध झाले. त्यातील एखाद्या स्वाराचा पणतू आज वॉशिंग्टनच्या अभिलेखागारात गेला तर बहुधा हजेरीपट, आणि निवृत्तिवेतनाचा अर्ज झाला असल्यास विधवेची जबानीसुद्धा, त्याच्या हाती पडते. त्याच युद्धामुळे कापसाचे भाव चढले आणि अमरावती-खामगावच्या बाजारांत पैसा खेळला. म्हणजे परक्या यादवीचा जमाखर्चही वऱ्हाडच्या वह्यांत उतरला. आपल्या स्वाराचे मात्र असे पुडके बांधलेले नाही. रिसाल्याचा इतिहास अधिकाऱ्यांची नावे सांगतो, स्वारांची संख्या सांगतो. पण शौर्याबद्दल ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ मिळालेल्यांची नावे कामगिरीसह नोंदलेली आहेत, आणि पदकांच्या यादीत मध्य हिंदुस्थानच्या मोहिमेची वेगळी पट्टी आहे. शोधकाने तेथून सुरुवात करावी.

या फौजेचे पुढे काय झाले तेही ध्यानात ठेवावे. १९०३ साली कंटिंजंट मोडून तिचे रिसाले हिंदी सैन्यात २०, २९ व ३० या क्रमांकांनी घेतले गेले. १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये हायवूडपाशी विसावा डेक्कन हॉर्स भाले सरसावून धावला. पुढे घोडे गेले, रणगाडे आले, आणि १९६५ साली हीच डेक्कन हॉर्स खेमकरण-असल उत्तरच्या रणात भारताच्या बाजूने लढली. झाशीबाहेर उभा असलेला रिसाला आणि असल उत्तरला पंजाब राखणारा रिसाला एकाच परंपरेतले आहेत. फौज तीच, धनी बदलला आणि लढाईचा अर्थही बदलला.

एवढ्यासाठी आमचे म्हणणे असे, की पूर्वज शोधताना त्याची बाजू आधी ठरवू नये. तो राणीच्या पाठलागावर निघाला असेल तर तसे लिहावे. त्याचा घोडा कर्जावर घेतलेला होता काय, घरी सारा थकला होता काय, दोन वर्षांचा पगार कोणाकडे अडकला होता, हेही लिहावे. कारण मनुष्य चाकरीवर का राहिला याचे उत्तर पुष्कळदा तेथेच असते. तो औरंगाबादेहून पळाला असेल तर घराने कदाचित भीतीने त्याचे नावच वंशावळीतून वगळले असेल. अशा रिकाम्या जागा विशेष तपासाव्यात. आणि तो पठाण, सय्यद, मराठा वा रजपूत कोणीही असो, त्याचा पगार वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतून निघाला होता, म्हणून त्याचा हिशेब एका घराण्याचा नाही, आपणा सर्वांचा आहे.

या उन्हाळ्यात घरोघरची माळवदे व कोनाडे साफ होतील. बासनात बांधलेले मोडी वा फारसी कागद दिसले तर ते रद्दीत किंवा नदीत टाकू नयेत; जाणत्याकडून वाचून घ्यावेत, आणि घरातील वडीलधाऱ्यांना जे आठवते ते तारीख घालून, त्यांच्याच शब्दांत उतरून ठेवावे. पुढचा इतिहासकार त्यावरच काम करील.