मुळशीचा मतदारसंघ आणि सूसचे मत

प्रस्तुत स्मरणिकेत प्रतिवर्षी कुळांचे इतिहास, देवस्थानांची माहिती, विद्यार्थ्यांचे गुणगौरव व वधूवर-सूची असा मजकूर येत असतो, आणि तो यावा हेही योग्यच. तथापि ज्या गावात आपण राहतो त्या गावाचे मत कोणाच्या पारड्यात, कोणत्या तालुक्याच्या सोबतीने व कोणत्या हद्दीत पडते, याचा विचार आपल्या ज्ञातीत क्वचितच होतो. मुळशी तालुक्यातील सूस हे गाव यासंबंधी फार बोलके उदाहरण आहे. पाषाणच्या पलीकडे, बाणेर-म्हाळुंगेच्या शेजारी वसलेले हे गाव पुण्याच्या उंबरठ्यावर उभे आहे. आणि त्याचा आमदार मात्र भोरचा. हे कसे घडले, ते येथे सांगण्याचा आमचा हेतू आहे.

आरंभ थोडा मागून करावा लागेल. इंग्रजी अमदानीत मुळशी हा पुणे जिल्ह्यातील पेटा होता व त्याचे ठाणे पौड येथे होते. तालुक्याचा कारभार अद्यापि पौडहूनच चालतो. भोर व वेल्हे यांची कथा अगदी निराळी. तो मुलूख बहुतांशी पंतसचिवांच्या भोर संस्थानात मोडत असे. प्रचंडगड, राजगड, विचित्रगड, पवनमावळ व सुधागड असे त्या संस्थानाचे पाच तालुके होते. (वेल्हे तालुक्यास अलीकडे राजगड हे नाव देण्यात आले, तेव्हा अनेकांस ते नवे वाटले, वस्तुतः तालुक्याचे नाव म्हणून ते जुनेच आहे.) १९३७ साली मुंबई इलाख्यात प्रांतिक निवडणुका झाल्या. मताचा अधिकार सारा भरणाऱ्या, शिकलेल्या वा तत्सम पात्रतेच्या लोकांपुरताच होता. म्हणजे मुळशीत काही थोड्यांस मत होते, आणि भोर संस्थानच्या प्रजेस मुंबईच्या विधिमंडळासाठी ते मुळीच नव्हते. ८ मार्च १९४८ रोजी दक्षिणी संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली व तेव्हापासून हे दोन शेजारी एका राज्याचे झाले.

मत नसल्याची किंमत काय असते, हे मुळशीइतके दुसऱ्या कोणत्या तालुक्याने जाणले असेल असे आम्हांस वाटत नाही. मुळा-निळा खोऱ्यात टाटा कंपनीने वीजनिर्मितीसाठी धरण बांधण्यास घेतले, आणि १९२१ साली रामनवमीच्या दिवशी, १६ एप्रिल रोजी, मावळ्यांनी त्याविरुद्ध सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट यांस 'सेनापती' ही पदवी लोकांनी दिली ती याच लढ्यात. विनायकराव भुस्कुटे यांचेही नाव येथे आदराने घेतले पाहिजे. लढा १९२४ पर्यंत चालला, माणसे तुरुंगात गेली, आणि धरण झाले. जमीन कायद्याने घेतली गेली. हा कायदा करणाऱ्या सभागृहात त्या खोऱ्यातील भात पिकविणाऱ्या कुणब्याचे असे कोणीही नव्हते. मुळशी धरणाचे पाणी घाटाखाली भिऱ्याकडे जाऊन त्यापासून वीज होते, ती मुंबईस जाते. बुडाली ती मात्र मावळची खाचरे.

प्रौढ मतदानाची पहिली निवडणूक १९५१-५२ साली झाली. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, पेटीवर त्याचे चिन्ह चिकटविलेले, आणि मतदाराने हाती दिलेला कागद आपल्या पसंतीच्या पेटीत टाकावयाचा, अशी ती पद्धत होती. १९५७ साली संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाची लाट आली व पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची मोठी पीछेहाट झाली. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य स्थापन झाले. १९६२ साली नव्या राज्याच्या विधानसभेच्या २६४ जागांसाठी निवडणूक झाली. पुढे १९६७ पासून त्या २७० व १९७८ पासून २८८ झाल्या. साठच्या दशकापासून २००४ पर्यंत या यादीत 'मुळशी' हे नाव स्वतंत्र मतदारसंघ म्हणून झळकत राहिले.

या कालखंडाचे मुख्य पुरुष म्हणजे नामदेवराव उर्फ मामासाहेब मोहोळ. त्यांनी मुळशीचे प्रतिनिधित्व केले. पण महाराष्ट्र त्यांस ओळखतो तो महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेचे संस्थापक म्हणून. 'महाराष्ट्र केसरी'ची चांदीची गदा त्यांच्याच स्मरणार्थ मोहोळ घराण्याकडून दिली जाऊ लागली. लाल मातीचा माणूस विधानसभेत गेला आणि तेथेही तालमीस विसरला नाही, याचे आम्हांस मोठे कौतुक वाटते. त्यांचे पुत्र अशोकराव १९९८ व १९९९ साली खेड लोकसभा मतदारसंघातून खासदार झाले. त्यापूर्वी १९९१ मध्ये त्याच मतदारसंघातून विदुरा तथा नानासाहेब नवले निवडून आले होते. त्यांच्या पुढाकाराने कासारसाई-दारुंब्रे येथे उभा राहिलेला संत तुकाराम सहकारी साखर कारखाना मुळशी-मावळच्या ऊस-शेतकऱ्यास आधार झाला. दीर्घकाळ येथे काँग्रेसच्या विचाराचाच वरचष्मा होता. १९९९ साली राष्ट्रवादी काँग्रेस वेगळी झाली, घर फुटले, आणि २००४ च्या निवडणुकीत शिवसेनेचे शरद ढमाले मुळशीतून विजयी झाले. मुळशी या नावाच्या मतदारसंघाचे ते अखेरचे आमदार ठरले.

तिकडे भोरात एका घराण्याचा ठसा अधिक ठळक. अनंतराव थोपटे सहा वेळा आमदार झाले, मंत्रिमंडळातही बसले. १९९९ साली राष्ट्रवादीचे काशिनाथ खुटवड यांनी त्यांचा पराभव केला. त्या पराभवाची चर्चा भोरच्या पारांवर कित्येक वर्षे चालली. २००४ साली ते पुन्हा निवडून आले.

आता मुख्य गोष्टीकडे वळू. निवडणुकीचा इतिहास लिहिताना आपण उमेदवारांची नावे मोजतो, मतांची अंतरे मोजतो. परंतु त्याआधी नकाशावर जी रेघ ओढली जाते, तिच्याकडे कोणी पाहत नाही. २००२ च्या कायद्यानुसार न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखाली परिसीमन आयोग बसला. त्याने २००१ ची जनगणना आधारास धरली. राज्याची लोकसंख्या त्या वेळी सुमारे ९ कोटी ६८ लक्ष. तिला २८८ ने भागले असता एका मतदारसंघास सुमारे ३ लक्ष ३६ हजार लोक येतात. डोंगराळ तालुक्यांस हे गणित मानवणारे नव्हते. २०११ च्या जनगणनेतही भोरचे लोक १ लक्ष ८६ हजारांच्या, मुळशीचे १ लक्ष ७१ हजारांच्या व वेल्ह्याचे ५४ हजारांच्या घरात होते. एकट्याच्या बळावर मतदारसंघ मिळण्याइतका मोठा त्यांपैकी एकही नव्हता. म्हणून भोर, वेल्हे व मुळशी हे तिन्ही तालुके एकत्र बांधून २०३ क्रमांकाचा भोर मतदारसंघ करण्यात आला. २००८ पासून ही रचना लागू झाली. पुणे जिल्ह्याच्या जागा १८ वरून २१ झाल्या हे खरे. पण मुळशी, हवेली, बोपोडी व भवानी पेठ ही नावे गेली आणि कोथरूड, खडकवासला, हडपसर, वडगाव शेरी, चिंचवड, पिंपरी व भोसरी ही सात नवी आली. म्हणजे वाढ झाली ती शहराची, आणि नाव गेले ते मावळचे. गणित चुकले असे आम्ही म्हणत नाही. मात्र ज्याच्या जमिनीवर धरण झाले व नंतर हिंजवडीची संगणकनगरी झाली, त्या तालुक्याचे नाव विधानसभेच्या यादीतून जावे, हे मनास लागते.

नव्या मतदारसंघाचा विस्तार पाहा. एका टोकास हिंजवडी व सूस, दुसऱ्या टोकास भाटघर धरणाचा परिसर, आणि मध्ये राजगड-तोरण्याच्या कुशीतल्या वाड्यावस्त्या. उमेदवाराने सकाळी हिंजवडीच्या वाहनकोंडीवर बोलावे आणि सायंकाळी वेल्ह्यातील एखाद्या धनगरवाड्याच्या रस्त्यावर. सूसच्या माणसास भोरला जावयाचे तर बाह्यवळण मार्गाने कात्रज ओलांडून, खेड-शिवापूर, कापूरहोळ असे पन्नासाहून अधिक किलोमीटर जावे लागते; शिवाजीनगर मात्र त्यास हाकेच्या अंतरावर.

२००९, २०१४ व २०१९ या तीनही निवडणुकांत काँग्रेसचे संग्राम थोपटे विजयी झाले. पहिल्या वेळी मुळशीचे शरद ढमालेच त्यांच्यासमोर होते. पुढील दोन्ही वेळी शिवसेनेचे कुलदीप कोंडे यांनी झुंज दिली व २०१९ मध्ये अंतर नऊ हजारांच्या आसपास आले. २०२४ साल मोठे चमत्कारिक गेले. मे महिन्यात लोकसभेच्या मतदानात याच भोर मतदारसंघाने सुप्रिया सुळे यांस चाळीस हजारांहून अधिक मताधिक्य दिले, आणि नोव्हेंबरात त्याच मतदारांनी अजित पवार यांच्या नेतृत्वाखालील राष्ट्रवादीचे शंकर मांडेकर यांस सुमारे १९ हजारांच्या फरकाने निवडून दिले. महायुतीत दोघांनी बंडखोरी केलेली असतानाही हे घडले. मांडेकर मुळशीचे. सहा महिन्यांत मत असे का फिरले, याची कारणे अनेक सांगितली जातात. पण आमच्या मते मुळशीच्या मतदाराने पंधरा वर्षांनी आपल्या तालुक्याचा माणूस पाहिला, हे कारण दुर्लक्षिण्याजोगे नाही. एप्रिल २०२५ मध्ये संग्राम थोपटे भारतीय जनता पक्षात गेले.

सूसचा पेच याहूनही पुढचा आहे. ३० जून २०२१ रोजी तेवीस गावे पुणे महापालिकेत आली, त्यांत सूस होते. ग्रामपंचायत संपली. पण महापालिकेच्या सभागृहाची मुदतही मार्च २०२२ मध्ये संपली व प्रशासक आले. आरक्षणाच्या व प्रभागरचनेच्या वादात निवडणूक लांबत गेली, ती थेट १५ जानेवारी २०२६ रोजी झाली. म्हणजे सुमारे साडेचार वर्षे सूसच्या रहिवाशास ना सरपंच, ना ग्रामपंचायत सदस्य, ना आपण निवडलेला नगरसेवक. नळाच्या पाण्याची वा कचऱ्याची तक्रार घेऊन जावे तर निवडून दिलेले दोघेच : भोरचा आमदार आणि बारामतीचा खासदार. शेजारच्या पाषाणचा मतदार कोथरूड विधानसभेत व पुणे लोकसभेत मत देतो, सूसचा भोरमध्ये व बारामतीत. आणि महापालिकेसाठी मात्र सूस, बाणेर व पाषाण एकाच प्रभागात! एका रस्त्याच्या दोन बाजूंस दोन आमदार व दोन खासदार असावेत, असा हा संसार आहे. गंमत अशी की, मुळशीतील मुठे गावचे मुरलीधर मोहोळ २०२४ साली पुणे शहराचे खासदार झाले. मुळशीचा माणूस पुण्याचे प्रतिनिधित्व करतो आणि पुण्यात गेलेल्या सूसचे प्रतिनिधित्व बारामती करते.

आपल्या ज्ञातीतील पुष्कळ कुटुंबे गेल्या वीस वर्षांत सूस, नांदे, बावधन या भागांत सदनिका घेऊन राहावयास आली, म्हणून एक व्यवहाराची गोष्ट सांगणे भाग आहे. महापालिकेची मतदारयादी स्वतंत्रपणे तयार होत नाही; विधानसभेचीच यादी प्रभागांत फोडून ती केली जाते. २०२६ च्या निवडणुकीस १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. ज्यांचे नाव अद्यापि मूळ गावी वा शहरातील जुन्या वाड्याच्या पत्त्यावर आहे, त्यांस सूसमध्ये घर असूनही सूसचा नगरसेवक निवडता येत नाही. शिक्षकी पेशात असताना आम्ही मतदान केंद्रावर शिक्क्यांच्या कागदांपासून यंत्रांपर्यंत अनेकदा काम केले आहे. ओळखपत्र हाती घेऊन आलेली, रांगेत तासभर उभी राहिलेली आणि यादीत नाव नाही म्हणून परत गेलेली सुशिक्षित माणसे आम्ही प्रत्येक निवडणुकीत पाहिली. पत्ता बदलण्यासाठी नमुना क्रमांक ८ भरावयाचा असतो, प्रथमच नोंदणी करावयाची तर नमुना ६.

राहिली ती रेघेची गोष्ट. मतदारसंघांची फेररचना २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत करावयाची नाही, असे २००१ च्या घटनादुरुस्तीने ठरले होते, आणि पुढील जनगणना २०२७ साठी जाहीर झाली आहे. ती शिरगणती होईल तेव्हा सूसच्या प्रत्येक सदनिकेत किती माणसे नोंदली जातात, यावर हे गाव भोरात राहते की शहरातील एखाद्या मतदारसंघात जाते, आणि मुळशीचे नाव पुन्हा यादीत येते की नाही, हे पुष्कळसे ठरेल.