सागवानी जहाज आणि त्याचें घराणें

रत्नागिरीच्या मांडवी बंदरास एके काळीं शिडाचे मचवे व पडाव लागत; ते घडविणाऱ्या सुतारांचीं नांवें आज कोण सांगेल? ह्याच किनाऱ्यावर, उत्तरेस मुंबईंत, बांधलेल्या एका जहाजाच्या सुतारांची कुळी मात्र सांगतां येते.

१७३६ सालीं सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया मुंबईस आले आणि पुढें तेथील गोदीचे मुख्य सुतार झाले. त्यांचे नातू जमशेटजी बमनजी यांनीं १८१७ सालीं इंग्रजी आरमारासाठीं 'ट्रिंकोमाली' हें लढाऊ जहाज बांधलें. त्याचा आराखडा मूळचा 'हेबे' ह्या फ्रेंच जहाजाचा. १७८२ सालीं तें इंग्रजांनीं पकडलें होतें. मुंबईकडे धाडलेले पहिले नकाशे १८१२ सालीं 'जावा' ह्या जहाजाबरोबर नष्ट झाले, तेव्हां दुसरे मागवावे लागले.

आराखडा परक्यांचा खरा. परंतु लांकूड मलबारी सागाचें आणि हात वाडियांचे. सागाच्या तेलकट अंगास कीड सहसा लागत नाहीं, व त्यांत ठोकलेलें लोखंड ओकांतल्यापेक्षां कमी गंजतें. म्हणूनच दोनशें वर्षें उलटूनही हें जहाज इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाण्यावर तरंगतें आहे. त्याला नांव मिळालें श्रीलंकेंतील बंदराचें. त्याच्या घडणीचें श्रेय आपल्या किनाऱ्यावरील एका घराण्याचें आहे, हें आपण विसरूं नये.